संकेतस्थळावर वाट पाहताना

परवा एका साखरपुड्याच्या घरी जेवणाच्या पंगती बसत असताना नवऱ्या मुलाच्या एका मित्राने मला अगदी सहज विचारले, "फादर, तुमची स्वतःची वेबसाइट आहे म्हणे. रोज किती लोक येतात तिच्यावर?" प्रश्नात कुचेष्टा नव्हती. शेतकऱ्याला यंदा भात किती झाले असे विचारावे, तितक्याच निर्मळपणे त्याने विचारले होते. "मी मोजत नाही," असे मी म्हणालो. तो हसला. मोजत नाही म्हणजे सांगण्यासारखा आकडा नाही, असा अर्थ त्याने घेतला असावा, आणि तो अर्थ पुरता चुकीचाही नव्हता. घरी परतताना मात्र तो प्रश्न माझ्याबरोबर चालत राहिला, आणि त्याच्यामागे दडलेला दुसरा, अधिक जुना प्रश्नही हळूहळू समोर आला. ज्या कामाकडे कुणी पाहत नाही, ते काम मनापासून करण्याला काही मोल आहे का? आणि ते कुणीतरी पाहावे असे वाटणे हा मनाचा दोष आहे का?

वेबसाइटला मराठीत 'संकेतस्थळ' असा प्रतिशब्द रूढ झाला आहे. हा शब्द मुळात संगणकाचा नव्हे. जुन्या संस्कृत काव्यात संकेतस्थान म्हणजे प्रेमिकांनी भेटीसाठी आधी ठरवून ठेवलेली जागा. नायिका तेथे जाऊन थांबते. पान हलले तरी तिला चाहूल लागल्यासारखे वाटते. माझ्यासारख्या माणसाने ही उपमा वापरावी याचे वाचकांना हसू येईल, पण वैयक्तिक संकेतस्थळ राखणाऱ्याची अवस्था याहून फारशी वेगळी नसते. अंतर इतकेच, की आपण कुणाची वाट पाहत आहोत हे नायिकेला ठाऊक असते; आम्हांला तेही ठाऊक नसते.

हे माध्यम फार जुने नाही. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये त्याची कल्पना मांडली, आणि १९९१ मध्ये जगातील पहिले संकेतस्थळ तेथेच खुले झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणताही मोबदला न घेता जगाच्या स्वाधीन केले. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू झाली. त्याच वर्षीच्या नाताळात व्हॅटिकननेही आपले संकेतस्थळ उघडले आणि त्याचा भार वाहणाऱ्या तीन संगणकांना राफाएल, मीखाएल आणि गाब्रिएल या महादूतांची नावे दिली. मी तेव्हा सेमिनरीत होतो. ही बातमी आमच्या भोजनगृहात पोहोचली, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी संगणक केवळ चित्रात पाहिला होता.

माझे स्वतःचे पान २००४ साली उभे राहिले. समुद्रकाठच्या एका लहान धर्मग्रामात मी होतो आणि पावसाळ्याच्या लांब संध्याकाळी हाताशी होत्या. माझ्या भाच्याने एका फुकट जागा देणाऱ्या सेवेवर मला चार पाने मांडून दिली. त्यांवर काय ठेवायचे? प्रवचने ठेवावीत असे वाटेना. ती रविवारी ऐकून घेणाऱ्यांवर आणखी किती भार टाकायचा? मग मी जे पाहत होतो तेच लिहू लागलो. वसईच्या वाड्यांमधली बावखले, म्हणजे पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारी आपली तळी, कुठे होती आणि कुठे बुजवली गेली. कोणत्या विहिरीवर रहाट होता. वृद्धांच्या तोंडी असलेले आणि शाळेच्या पुस्तकात न सापडणारे शब्द. अंगणातल्या बकुळीला पहिला बहर कधी आला. कुणी मागितलेले नव्हते, कुणाचे अडलेले नव्हते. पण लिहिताना मला बरे वाटत होते.

या छंदातले आनंद इतके लहान आहेत की सांगताना संकोच होतो. मध्यरात्री जाग यावी, एखादा शब्द आपण चुकीचा लिहिला आहे हे आठवावे आणि उठून तो दुरुस्त करावा. छापलेल्या पुस्तकात ही सोय नाही. तेथे चूक लेखकापेक्षा दीर्घायुषी ठरते. येथे संपादक नाही, शब्दमर्यादा नाही, अंक बंद होण्याची तारीख नाही. शिवाय आम्हां धर्मगुरूंना दर पाच-सहा वर्षांनी बदलीचे पत्र येते. लावलेले आंब्याचे कलम, ओळखीचा झालेला कुत्रा, पायांना सवयीची झालेली वाट, सारे मागे ठेवून निघावे लागते. ही चार पाने मात्र माझ्यामागून आली. ज्याने आपले म्हणावे असे घर बांधलेले नाही, त्याला ही कागदाइतकी जागा किती गोड वाटली असेल, हे आपण समजू शकाल. आपल्या मनाच्या कोणत्या कोपऱ्यात मालकी लपून बसते ते अशा वेळी कळते.

त्रासही तितकेच लहान, पण चिवट. पहिल्या काळात आम्ही ज्या टंकांत मराठी लिहीत असू, त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो टंक वाचकाच्या संगणकावर नसला की त्याला मराठीऐवजी अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. जगातील लिप्यांना प्रत्येक अक्षरासाठी ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ पासून अस्तित्वात होती आणि तिच्यात देवनागरीही होती; पण ती आमच्या टेबलांपर्यंत पोहोचायला बराच काळ लागला. पोहोचली तेव्हा जुने लेखन नव्या पद्धतीत आणण्याचे काम निघाले. जुन्या टंकात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे, नव्या पद्धतीत ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलटे. परिणामी शेकडो वेलांट्या आपले अक्षर सोडून निराधार लोंबकळू लागल्या आणि माझ्या पानांवर जेथे जेथे 'धर्म' होता तेथे तेथे 'धमर्' झाला. धर्मगुरूच्या संकेतस्थळावर धर्माचीच अशी मोडतोड व्हावी, यावर माझे सहकारी बरेच दिवस हसले. तो एकेक रफार परत जागेवर बसवण्यात माझे दोन पावसाळे गेले.

दुसरा त्रास दुव्यांचा. एका पानाला दुसऱ्या पानाशी जोडणाऱ्या धाग्याला मराठीत आपण 'दुवा' म्हणतो. योगायोग असा की आशीर्वादालाही आपण दुवा म्हणतो. मी मोठ्या हौसेने इतरांच्या पानांकडे दुवे दिले होते. वर्ष-दोन वर्षांनी पाहावे तो निम्मे तुटलेले. कुणाची हौस संपली, कुणाचे पैसे संपले, कुणी जगातूनच गेले. वस्त्याच्या वस्त्याही नाहीशा झाल्या. १९९४ मध्ये सुरू झालेल्या आणि जिओसिटीज या नावाने ओळखल्या गेलेल्या सेवेवर लोकांनी फुकट जागा घेऊन लक्षावधी घरगुती पाने मांडली होती. विषयवार वस्त्या पाडून त्यांना नावे दिलेली होती. याहू कंपनीने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये, जपान वगळता, बंद करून टाकली. मी ज्या सेवेवर होतो तीही पुढे अशीच मिटली आणि माझी काही पाने तिच्याबरोबर गेली. तेव्हा मी वार्षिक शुल्क भरून स्वतःच्या नावाची जागा घेतली. स्वतःची म्हणायची इतकेच. ती दरवर्षी भाड्याने घ्यायची असते.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळतो. एके काळी मी मोजत होतो. पानाच्या तळाशी एक आकडा असे आणि कुणी आले की तो एकाने वाढे. रोज सकाळी मिस्सा आटोपल्यावर मी तो पाहत असे. एका महिन्यात तो चारशेने वाढला, तेव्हा मला झालेला आनंद मी कुणाला सांगितला नाही, पण तो माझ्या चालण्यातून दिसत असावा. भाचा आला तेव्हा मी त्याला आकडा दाखवला. त्याने आतली नोंदवही उघडून पाहिली आणि शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाला, "मामा, यातली बरीचशी माणसं नाहीत. ही यंत्रं आहेत. शोध घेणाऱ्या कंपन्यांची यंत्रं पानापानावरून फिरत असतात." म्हणजे मी संकेतस्थळी उभा राहून ज्यांच्या पावलांनी मोहरत होतो, ती पावले बहुतांशी निर्जीव होती.

त्या दिवशी मनाला समजावण्यासाठी दोन उत्तरे हाताशी होती. पहिले व्यवहाराचे: कुणी येत नसेल तर हे काम निरर्थक आहे, बंद करावे. दुसरे आम्हां धार्मिक लोकांच्या सवयीचे: फळाची अपेक्षा न ठेवता करीत राहावे, वाचक असो वा नसो. पहिले उत्तर मला पटले नाही. कारण त्या न्यायाने आजारी माणसाच्या उशाशी रात्रभर बसणारी मुलगीही निरर्थक काम करते. पण दुसरेही मला प्रामाणिक वाटले नाही. जो लिहितो आणि वर 'मला वाचक नको' असे म्हणतो, तो थोडे खोटे बोलतो. वाचक नको असता तर मी वहीत लिहून ती कपाटात ठेवली असती. पत्र लिहायचे आणि ते कुणाला मिळू नये अशी इच्छा धरायची, यात वैराग्य नाही. भाषेचाच तो अवमान आहे. शब्द हा मुळात दुसऱ्यासाठी असतो.

मग दोष कोठे सुरू होतो? बराच विचार केल्यावर मला असे वाटले की, वाचले जावे ही इच्छा आणि मोजले जावे ही इच्छा, या दोन वेगळ्या आहेत. वाचणारा हा माणूस असतो. त्याला एखादी विहीर आठवते, तो माझी चूक काढतो, त्याला माझ्याहून अधिक ठाऊक असते. आकडा हा आरसा असतो. त्यात मला माझ्याशिवाय काही दिसत नाही. वाचकाची इच्छा मला लिहिलेल्या गोष्टीकडे परत नेते: हे त्याला कळेल का, हे खरे आहे का? आकड्याची इच्छा मला गोष्टीपासून दूर नेते: कशाने आणखी शंभर वाढतील? मोहरण्याच्या त्या महिन्यात मी बावखलांविषयी एकही नवी ओळ लिहिली नव्हती, हे मला मागाहून लक्षात आले. तो आकडा मी काढून टाकला. हा त्याग नव्हता. दाढी करून झाल्यावर आरसा भिंतीकडे फिरवून ठेवावा, इतकीच ती गोष्ट होती.

पण मन इतके सहज सुधारत नाही. काही वर्षांनी मला डेंग्यू झाला आणि दोन आठवडे रुग्णालयात गेले. जागेचे शुल्क भरण्याची सूचना मी वापरणे सोडलेल्या जुन्या पत्त्यावर जात राहिली आणि मुदत टळली. घरी आल्यावर पाहतो तो माझ्या पानांच्या जागी कोरा फलक. दंड भरून जागा परत मिळवण्यात आणखी दिवस गेले. एकूण तेवीस दिवस संकेतस्थळ अंधारात होते. दुखणे त्याचे नव्हते. दुखणे याचे होते की, त्या तेवीस दिवसांत कुणीही विचारले नाही. आरसा फिरवून ठेवलेला माणूस काचेचा दुसरा तुकडा शोधत होता.

पाने पुन्हा सुरू झाली त्याच आठवड्यात कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या एका अपरिचित भगिनीचे पत्र आले. त्यात स्तुती नव्हती. "फादर, मध्यंतरी पान उघडत नव्हते," तिने लिहिले होते, "म्हणून आता राहवत नाही, सांगून टाकते. आमच्या वाडीतले बावखल तुम्ही शाळेच्या पूर्वेला दाखवले आहे. ते पश्चिमेला होते. चार वर्षे कळवीन कळवीन म्हणत होते." चार वर्षे! चार वर्षे कुणीतरी येत होते, वाचत होते, मनातल्या मनात माझी चूक दुरुस्त करून परत जात होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ती भेट कोणत्याही आकड्यात मी ओळखू शकलो नसतो. मी पूर्वेचे पश्चिम केले आणि त्या रात्री शांत झोपलो.

आणखी एक गोष्ट त्याच सुमारास घडली. फुकट सेवेबरोबर बुडालेली माझी जुनी पाने मी कायमची गेली असे समजत होतो. भाच्याने मला सॅन फ्रान्सिस्को येथील इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचे भांडार दाखवले. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली ही संस्था जगभरच्या पानांच्या प्रती यंत्रांकरवी काढून साठवते आणि २००१ पासून त्या कुणालाही पाहता येतात. तेथे माझी हरवलेली तीन पाने मिळाली, लोंबकळणाऱ्या वेलांट्यांसह! म्हणजे ज्या निर्जीव पाहुण्यांनी माझा हिरमोड केला होता, त्यांच्यातच एक नक्कल करून घेणाराही येऊन गेला होता.

मला फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चे स्मरण झाले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने सुमारे ११ हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रचला. तो १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला आणि १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापला गेला. छापखाना हे त्या काळचे सर्वांत नवे व भक्कम साधन; पण त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हाताने नकला करणाऱ्यांमुळे, आणि १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला तोही हस्तलिखितांच्या आधाराने. त्या नकलाकारांकडे बहुधा कुणी पाहत नव्हते. दिव्याच्या उजेडात ते एकेक ओवी उतरवत होते आणि आपण तीन शतकांचा पूल बांधत आहोत याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. पाहिले जाणे आणि उपयोगी पडणे, या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या पाहिजेत असा नियम नाही.

येथेच लेख संपवला असता तर तो नीटस झाला असता आणि मीही त्यात बरा दिसलो असतो. पण एक शनिवार सांगायचा राहिला आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध बाबा दर शनिवारी सायंकाळी माझ्याकडे येत. तरुणपणी त्यांनी रहाट चालवलेला. विजेचे पंप आले, रहाट थांबले, बैल विकले गेले; बाबांचे बोलणे मात्र त्या विहिरीभोवतीच फिरे. त्या शनिवारी मी परत मिळालेल्या पानांवरचे रफार दुरुस्त करीत बसलो होतो. "बाबा, दहा मिनिटे बसा," मी आतूनच म्हणालो. दहा मिनिटांचा तास झाला. बाहेर आलो तेव्हा व्हरांड्यातले बाक रिकामे होते. त्यावर कॅलेंडरचे एक फाडलेले पान घडी करून ठेवले होते. पाठीमागे थरथरत्या अक्षरांत रहाटाच्या अकरा भागांची नावे आणि प्रत्येकापुढे त्याचे काम लिहिलेले होते. शेवटी एक ओळ: 'आणखी आठवतील तेव्हा सांगेन.' त्याच आठवड्यात मी माझ्या पानावर खेदपूर्वक लिहिले होते की, हे शब्द सांगणारे आता कुणी उरले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. ते रागावले नव्हते. "फादर, तुमचं काम मोठं. आम्हाला कसली घाई?" ते म्हणाले. रागावले असते तर सोसायला सोपे गेले असते. आम्ही पडवीत बसलो आणि त्यांनी आणखी चार शब्द सांगितले.

संकेतस्थळ म्हणजे भेटीसाठी ठरवलेली जागा. मी ज्यांची वाट पाहत होतो ते दूरचे आणि न दिसणारे होते, आणि खरोखर भेटायला आलेल्या माणसाला मी ताटकळत बसवले होते. दूरच्यासाठी दिवा लावून ठेवण्यात काही गैर नाही. कुवेतहून आलेल्या पत्राने मला ते शिकवले. पण दूरच्यासाठी लावलेल्या दिव्याच्या उजेडात दारातला माणूस दिसेनासा होत असेल, तर त्या दिव्याची जागा चुकली आहे. माझ्या मोहाचे मूळ केवळ आकड्यात नव्हते. यंत्रातले काम माझ्या इच्छेने थांबते, माझ्या इच्छेने सुरू होते. माणूस तसा नसतो. बाबा एकच गोष्ट तीनदा सांगत. पानावरची ओळ मला तीनदा ऐकावी लागत नसे.

आपल्या भाषेत 'राखणे' असा एक चांगला शब्द आहे. वाडी राखतात, वचन राखतात, मान राखतात. राखणदार रस्त्याने किती लोक गेले ते मोजत नाही. पण कुणी आले तर त्याला ते कळते. छंद, बाग, वही, संकेतस्थळ, काहीही असो, आपण ते राखतो तेव्हा त्याचे मोल पाहणाऱ्यांच्या संख्येवरून ठरत नाही, आणि 'मला कुणीच नको' या अभिमानावरूनही ठरत नाही. कुणीतरी येईल या विश्वासाने जागा नीट ठेवावी, आणि आले तर उठावे, इतकेच आपल्या हाती आहे. मला त्यातली पहिली अर्धी गोष्ट लवकर जमली. दुसरी शिकतो आहे.

आता शनिवारी चार वाजल्यानंतर माझा संगणक बंद असतो. शब्दांची संख्या एकतीसवर गेली आहे. त्यातले दोन शब्द बाबांनी गेल्या आठवड्यात बदलायला सांगितले. पहिल्या वेळी आपणच चुकीचे सांगितले होते, असे त्यांचे म्हणणे पडले. मी लगेच उठून दुरुस्ती करायला निघालो होतो. मग पुन्हा खाली बसलो. दुरुस्ती रविवारी रात्री केली.